एआयच्या काळात शिकाऊ पोरगं शिकणार कुठं? (सांगली मार्केट यार्डातून एक प्रश्न)

दिवाणजी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी ३१ वर्षं दिवाणजी आहे. बारावीत गचकलो तेव्हा मामांनी शेठजींपुढं नेऊन उभं केलं. पहिली दोन वर्षं चहा सांगितला, काट्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या, वक्कलावक्कलातनं, म्हणजे विक्रीला आलेल्या मालाच्या एकेका ढिगातनं, मूठमूठ हळकुंडं आणून गादीपुढं ठेवली. शिकवलं कुणीच नाही. शेठजी हळकुंड उचलायचे, मोडायचे, आतला रंग बघायचे आणि पुढच्या वक्कलाकडं वळायचे. तिसऱ्या वर्षी एक दिवस त्यांनी न मोडलेलं हळकुंड माझ्या हातात दिलं. "कशी आहे रे?" मी मोडलं. कट्ट असा कोरडा आवाज यायला पाहिजे, तो आला नाही. जरा वाकल्यासारखं होऊन मोडलं. म्हटलं, "शिजवलीय चांगली, पण वाळवायला घाई केलीय." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चहा सांगायचं काम दुसऱ्या पोराकडं गेलं.

आता शेठजींचा नातू दुकान बघतो. हुशार आहे, माणुसकीचा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्यानं फोनवर एक ॲप आणलंय. हळकुंडांचा फोटो काढला की प्रत सांगतं. पट्ट्या, पावत्या, व्यापाऱ्यांना हिंदी-गुजरातीत पत्रं, सगळं एआय लिहितं आणि माझ्यापेक्षा बरं लिहितं. त्यामुळं दर सीझनला दोन नवी पोरं घ्यायचो, ती यंदा घेतली नाहीत.

माझी नोकरी जाईल का, हा प्रश्न नाही. माझी चारपाच वर्षं राहिलीत, निघतील. प्रश्न असा की चहा-चिठ्ठ्यांची ती दोन वर्षंच गेली तर तिसऱ्या वर्षी हळकुंड द्यायचं कुणाच्या हातात? आणि आमच्यासारखे सगळे संपल्यावर त्या यंत्राला "बाबा, तू चुकतोयस" असं सांगणार कोण?

पोरगा यंदा बारावीला आहे, कुठली ब्रँच घेऊ म्हणून विचारतोय. त्यालाही काय सांगायचं ते सांगा.

भडंगप्रेमी
पहिला नंबर. धागा वाचून सविस्तर प्रतिक्रिया देतो.

बायनरी_बाळू
दिवाणजी काका, तुम्ही हळदीचं लिहिलंय, पण मला वाटलं आमच्या ऑफिसचंच चाललंय. मी मूळचा तासगावकडचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं झाली.

आमच्याकडची चहा-चिठ्ठी म्हणजे बारीकसारीक बग काढणं, टेस्ट लिहिणं, दुसऱ्याचा जुनाट कोड वाचत बसणं. कंटाळवाणं काम, पण त्यातच डोळा तयार होतो. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. सुरुवातीला आम्ही त्याच्याकडून कविता करून घेऊन हसत होतो. आता तीच बारीक कामं ते दहा मिनिटांत उरकतं. मी काम सांगितलं तर चुकलंय कुठं ते मला दिसतं, कारण मी त्या खड्ड्यांत पडून आलोय. नवीन पोराला दिसत नाही. त्याच्या हातात ते पांगुळगाडा म्हणून आलं असतं तर चालायला तरी शिकला असता. हे त्याला कडेवर घेऊन पळतंय.

आणि एक गैरसमज काढून टाका. या यंत्राला हळद "कळत" नाही. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, आजची बोलणारी यंत्रं तिच्यावर उभी आहेत. अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायचा, हा त्यांचा पाया. अंदाज इतका चांगला झालाय की समज आणि अंदाज यात फरक काय, हाच आता वादाचा मुद्दा आहे. पण त्यानं एकही हळकुंड मोडलेलं नाही, हे खरं.

उंटावरचा_शहाणा
कवलापूरच्या रखडलेल्या विमानतळावर विमान उतरायच्या आधी सांगलीत एआय उतरलं म्हणायचं.

खरंखोटं
आला का पुन्हा रडगाण्याचा सीझन? बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून १९८० च्या दशकात संघटनांनी मोर्चे काढले होते. त्याच मोर्चेकऱ्यांची पोरं आज हिंजवडीत आहेत. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलांचं काय म्हणून कुणी धागा काढला नाही, कारण तेव्हा धागे नव्हते.

कृष्णाकाठची
@खरंखोटं, टोमणा मारलात पण मुद्दा अगदीच चुकीचा नाही. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, औटकी सगळी तोंडपाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, नव्या लोकांसाठी सांगते. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला ती येत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. तेव्हा गेलेली प्रत्येक गोष्ट डोळे पुसत आठवायची असं नाही.

पण मी मराठी शिकवते, हायस्कूलला. गेल्या वर्षी नववीला निबंध दिला, 'माझी आई'. चाळीस वह्या आल्या. बत्तीस आया "वात्सल्याचा अथांग सागर" होत्या. शुद्धलेखन निर्दोष, वेलांट्या जागच्या जागी, आणि वाचून झाल्यावर एकही आई डोळ्यांपुढं येईना. एका मुलानं मात्र स्वतः लिहिलं होतं. आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते, रात्री तिच्या पदराला गंधकाचा वास येतो, म्हणून धाकटी बहीण तिच्या कुशीत न झोपता माझ्याजवळ झोपते. 'कुशीत' सुद्धा त्यानं चुकीचं लिहिलं होतं. सगळ्यांत जास्त मार्क त्याला दिले, तर दोन पालक भांडायला आले.

औटकी गेली तर यंत्र हिशोब करतं. पण आईच्या पदराचा वास काय येतो हे बघायची सवय गेली, तर ती कुठलं यंत्र लावणार?

खरंखोटं
ताई, पूर्वी 'वात्सल्याचा अथांग सागर' गाइडमधून यायचा. आता फोनमधून येतो. माझ्याही निबंधात होता.

कृष्णाकाठची
दिसतंय ते.

एक्सरेवाला
मिरजेत क्ष-किरण विभागात आहे. लिहायला बसलोय तर थोडं लांबेल.

जेफ्री हिंटन हे नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. आजच्या एआयच्या पायाभरणीतले एक, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर त्यांना मिळालं. त्यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता बंद करा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढं जाईल. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. घरच्यांनी ती बातमी मला पाठवली होती, खाली रडका चेहरा लावून. पाच सोडा, त्याहून जास्त वर्षं झाली, मी आहे आणि रात्री अकरा वाजता रिपोर्ट लिहितोय. हिंटननी स्वतःच नंतर कबूल केलं की आपण फार सरसकट बोललो.

म्हणून यंत्र बिनकामाचं आहे असं मात्र कुणी समजू नका. छातीच्या फोटोवरून टीबीचा संशय ओळखणारी सॉफ्टवेअरं १५ वर्षांवरच्या लोकांच्या चाचपणीसाठी वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच संमती दिली. जिथं फोटो काढणारा आहे पण वाचणारा नाही, अशा गावांत ते वरदानच आहे. त्याला नावं ठेवणार नाही.

आता गंमत सांगतो. एका बाईंचा फोटो आला. यंत्रानं उजव्या फुप्फुसाच्या टोकाला चौकोन काढून ठेवला, संशयास्पद सावली म्हणून. निवासी डॉक्टर मुलगी हुशार आहे, पण तिनं तो चौकोन पाहिला आणि रिपोर्टमध्ये टीबीचा संशय लिहून मोकळी झाली. आमचे तंत्रज्ञ मामा निवृत्तीला आलेत. त्यांनी पडद्याकडं एकदाच पाहिलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "वहिनी, वेणी मागं घ्या की." पुन्हा फोटो काढला, सावली गेली. जाड वेणी खांद्यावरून पुढं आली की फोटोत अशीच उमटते. पुस्तकातही ते लिहिलेलं आहे. पण मामांनी पुस्तक वाचलेलं नाही, त्यांनी हजारो वेण्या बघितल्यात.

दिवाणजींचा प्रश्न कल्पनेतला नाही. पोलंडमधला २०२५ मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात आलेला अभ्यास बघा. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर, त्यांना एआयची मदत मिळायला लागली. त्यानंतर एआय बंद ठेवून केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण आधीच्या सुमारे २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावर निकाल लावू नये, त्याच्या पद्धतीवर आक्षेपही आहेत. पण ही नवखी माणसं नव्हती. शिकलेला हातसुद्धा काही महिन्यांत गंजत असेल, तर जो कधी शिकलाच नाही त्याचं काय?

गावभागकर
"वहिनी, वेणी मागं घ्या की" हे आमच्या ग्रुपवर चिकटवतोय.

चार_एकर
दिवाणजी, राग मानू नका, पर आमचं बी ऐका.

माझं चार एकर रान हाय, त्यात दीड एकर हळद. तुम्ही लई झ्याक लिवलंय, कट्ट आवाज, रंग, सगळं. पर त्या गादीच्या पलीकडं उभा राहणारा मी हाय. नऊ महिने हळद सांभाळायची, करपा बघायचा, कंदकूज बघायची, काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून पोती भरायची. आन मग तुमच्या दुकानात एक माणूस हळकुंड मोडतो आन नुसतं म्हणतो "ओली हाय". क्विंटलमागं पाचशे रुपये गेलं. मी म्हणणार काय? त्याच्या हाताला कळतं, माझ्या हाताला कळत न्हाई, असं समदं गाव मानतं. खरं तर मला बी कळतं. पर माझ्या कळण्याला भाव न्हाई.

ॲप वाईट का चांगलं ते मला ठावं न्हाई. निदान ते माझा चेहरा, माझी जात, माझी उचल किती हाय ते बघून तरी प्रत ठरवत नसंल.

दिवाणजी
@चार_एकर, दादा, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. इथं तोंडावर बोलतो. हात चुकलाय कधी कधी, आणि कधी कधी हात चुकवलाय पण. दुकान शेतकऱ्याचं नसतं, शेठजींचं असतं. ही गोष्ट मी धाग्यात लिहिलीच नाही, लिहायला हवी होती.

खरंखोटं
हा धागा आता वाचण्यासारखा झाला.

बायनरी_बाळू
@चार_एकर, एक सावधगिरीची सूचना. ॲप चेहरा बघत नाही, पण ते ज्या फोटोंवरून शिकलं त्यांची प्रत कुणी लावली होती? दिवाणजींसारख्याच माणसांनी. त्यांनी जर ठरावीक भागातला माल कायम एक पायरी खाली लावला असेल, तर यंत्र तेच शिकणार आणि गणिताचा शिक्का मारून सांगणार. माणसाशी भांडता तरी येतं.

शिवाय फोटोत दिसतं ते वरचं. पॉलिश झक्क असली की वरून सगळी हळद सोनंच.

चार_एकर
माणसाशी भांडून बी काय मिळालं न्हाई अजून. पर तुमचं पटलं.

फोनला मराठीत विचारायचं मी बी करतो. हळदीच्या पानावर ठिपकं आलं, फोटो टाकला, करपा हाय म्हणून बरोब्बर सांगितलं. मग औषधाचं प्रमाण विचारलं तर लिटरचं आन एकराचं गणित असं मिसळलं की तेवढं मारलं असतं तर पानं न्हाई, मीच करपलो असतो. औषधाच्या दुकानातला पोरगा बघून हसायला लागला. बारामतीकडं उसात एआयचा प्रयोग चाललाय, उपग्रह, हवामान केंद्र, मातीतली यंत्रं लावून. तसलं काय हळदीत आलं तर हवंय मला. सांगणारा पायजेच, पर इचारायला बी जागा पायजे.

एक्सरेवाला
लेड क्रोमेट या विषारी पिवळ्या रंगाची भेसळ केलेली हळद तर वरून आणखीच पिवळीधमक दिसते. तिथं फोटोही फसतो आणि डोळाही. आणि दिवाणजी, हळदीतला मुख्य घटक कुरकुमीन किती आहे हे तुमच्या हातालाही कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. तेव्हा यंत्र विरुद्ध हात असा सरळ सामना नाही हा.

परदेशी_पाव्हणा
मंडळी, गेली अठरा वर्षं सांगलीबाहेर आहे, म्हणून बाहेरचं बोलतो. इथं हळकुंड आणि वेणीवर चर्चा रंगलीय, पण मूळ प्रश्न फार मोठा आहे. २०२३ च्या मे महिन्यात एक एका वाक्याचं निवेदन निघालं. एआयमुळं मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महामारी आणि अणुयुद्ध यांच्या जोडीनं जगाचं प्राधान्य असलं पाहिजे, असा आशय. सह्या कुणाच्या? हिंटन, एआय संशोधक योशुआ बेंजिओ, आणि ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख सॅम ऑल्टमन आणि डेमिस हसाबिस. हिंटननी त्याच महिन्यात मोकळेपणानं बोलता यावं म्हणून गूगल सोडलं. गणितज्ञ आय. जे. गुड यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की स्वतःपेक्षा हुशार यंत्र बनवू शकणारं यंत्र झालं की बुद्धीचा स्फोट होईल आणि माणूस फार मागं पडेल. यान लेकुन यांच्यासारखे तितकेच मोठे एआय संशोधक ही भीती अवाजवी म्हणतात, हेही सांगतो. युरोपानं कायदा केलाय, १ ऑगस्ट २०२४ पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. आणि आपण?

भडंगप्रेमी
जग बुडणार असेल तर तारीख सांगा. २०१९ च्या पुरात टिळक चौकात होडीत बसलोय, सवय आहे.

कृष्णाकाठची
@परदेशी_पाव्हणा, मोठं आणि लहान असे दोन प्रश्न आहेत असं मला वाटत नाही. कंपन्यांचे प्रमुख सही करतात की हे आमच्या हाताबाहेर जाऊ शकतं. हाताबाहेर जायला आधी ते हातात असावं लागतं. उद्या कायदा लिहिणारे, रिपोर्ट तपासणारे, यंत्राची परीक्षा घेणारे सगळेच यंत्राला विचारून काम करायला लागले, तर ते बंड करायच्या आधीच आपण चाव्या देऊन बसलेलो असू. दिवाणजींच्या दुकानात यंदा न घेतलेली दोन पोरं म्हणजे तीच चावी, मला तरी असं दिसतं.

गावभागकर
पुराचं निघालंच आहे तर लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

आमच्याकडं पावसाळ्यात सकाळी उठल्यावर देवाचं नाव नंतर, आधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. तीस फूट झालं की सूर्यवंशी प्लॉटातली माणसं सामान बांधायला घेतात, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आमच्या आजोबांना पुलापर्यंतही जावं लागायचं नाही, घाटाच्या कितव्या पायरीला पाणी आहे त्यावरून ते सांगायचे. त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा. २००५ च्या पुरात आमच्या उंबऱ्याला पाणी लागून परत गेलं. २०१९ ला आजोबा म्हणाले, "२००५ ला आत आलं नाही, आता कुठलं येतंय." आम्ही थांबलो. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आजोबांना दुसऱ्या मजल्यावरून होडीत उतरवलं तेव्हा ते एकच बोलले, "हे माझ्या हिशोबात नव्हतं."

तेव्हा दिवाणजी, जुना हात मला फार प्रिय आहे, पण त्यानं जे बघितलंच नाही त्यापुढं तो आंधळा असतो. धरणं, पाऊस, कर्नाटकातलं अलमट्टी, या सगळ्याचं गणित एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. तिथं मला यंत्र हवंय.

पण उलटी बाजू पण ऐका. गेल्या पावसाळ्यात फोनवर व्हिडिओ आला, कोयनेची भिंत फुटली म्हणून. अंगावर काटा आणणारा. आईनं देव आणि दागिने पिशवीत भरले. बहिणीच्या पोरीनं व्हिडिओ थांबवून दाखवलं, भिंतीवरच्या पाटीवर अक्षरं मराठीसारखी दिसत होती पण एकही शब्द वाचता येईना. एआयनं केलेला. तेच यंत्र पूर सांगणार आणि तेच खोटा पूर दाखवणार, मग आजीनं कुणाचं ऐकायचं?

खरंखोटं
पोरीचं. पोरगी किती वर्षांची?

गावभागकर
तेरा.

मिरजेची_मी
आमच्या गल्लीत तंबोरे होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हार-तुरे झाले, पेढे वाटले. पण दिवाणजींचं दुखणं आमच्याकडं आधीच येऊन गेलंय, एआयच्या कितीतरी आधी.

तंबोऱ्यात जवारी ही सगळ्यांत अवघड गोष्ट. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानशीनं इतका अलगद घासायचा की तारेखाली दोरा सरकवला की एका जागी आवाज उघडतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. केसभर इकडंतिकडं झालं की मुका. माझे काका घासताना बोलायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाहीत. हे शिकायचं कशावर? मोठ्या गवयाच्या तंबोऱ्यावर शिकाऊ पोराला हात लावू देत नाहीत. तो शिकायचा गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलींच्या साध्या तंबोऱ्यांवर. मग इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग फोनवरचं ॲप आलं. मुलींनी साधे तंबोरे घेणं थांबवलं. त्यात त्यांची काय चूक, मी पण ॲपच लावते रियाजाला. मोठे गवई आजही मिरजेचाच तंबोरा मागतात. पण मधली पायरी गेली. आज मागणी आहे, मान आहे, शिक्का आहे, आणि पोरांनी ज्यावर हात बिघडवायचा ती साधी वाद्यंच नाहीत.

बिघडवायला काहीतरी स्वस्त लागतं हो. तेच यंत्र आधी खाऊन टाकतं.

दिवाणजी
"बिघडवायला काहीतरी स्वस्त लागतं." ताई, मला एवढं लांबलचक लिहून जे सांगता आलं नाही ते हेच.

उंटावरचा_शहाणा
इतका वेळ टवाळी केली, आता उंटाच्या कामाचं बोलतो. मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. सांगलीला या खेळाचं वेड जुनं आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे, ही नावं इथल्या पोरांना माहीत असतात.

आमच्या खेळात जगबुडी १९९७ ला होऊन गेली. डीप ब्लू संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. आज माझ्या खिशातला फोन जगज्जेत्याला सहज हरवतो. खेळ संपला का? उलट क्लासला जागा पुरत नाही.

मग माझी पोरं शिकतात कशी? सुरुवातीला मी चूक केली. एकेकाला इंजिन, म्हणजे चाली तपासणारं सॉफ्टवेअर, लावून दिलं. पोरगा डाव खेळायचा, लगेच इंजिन उघडायचा, अमुक चाल चूक, तमुक बरोबर, वहीत उतरवायचा. सहा महिन्यांनी स्पर्धेला नेलं तर पटावर बसून छताकडं बघतोय. चाली पाठ, पण का ते ठाऊक नाही. मग गुकेशबद्दल वाचलं. डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बरीच वर्षं इंजिनाला हात लावू दिला नव्हता. ग्रँडमास्टरच्या आसपास पोचेपर्यंत आपल्या डोक्यानं हिशोब कर, मग यंत्राला विचार. तेव्हापासून माझ्याकडं नियम आहे. आधी स्वतःचं उत्तर वहीत, पेननं, खाडाखोड न करता. मग इंजिन. चुकलास तर का चुकलास ते तुझ्याच शब्दांत लिही.

यंत्र तेच, पोरगं तेच. फक्त आधी कोण बोलायचं हे उलटं केलं.

बायनरी_बाळू
हे भारी आहे. पण उंटदादा, बुद्धिबळाच्या हॉलमध्ये फोन न्यायला बंदी आहे. बाजारात बंदी कोण घालणार? माझ्या साहेबाला आज काम हवंय. पोरगं पाच वर्षांनी तयार होईल म्हणून आज दुप्पट वेळ द्यायला तो तयार नाही. पाच वर्षांनी तो या कंपनीत तरी असेल का? प्रत्येकाला अनुभवी माणूस आयता हवा, घडवायचा खर्च दुसऱ्यानं करावा.

एक्सरेवाला
आम्ही मात्र उंटदादांचाच नियम लावतोय आजपासून. निवासी डॉक्टर आधी स्वतःचा रिपोर्ट लिहील, मग यंत्राचा चौकोन उघडायचा. वेळ जाईल. आणि मामांना महिन्यातून एकदा शिकवायला बसवणार. ते लाजतायत.

उंटावरचा_शहाणा
जाता जाता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सीतास्वयंवर केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी सुचतील तशी ठोकायची. त्या काळच्या नाटकांतली राक्षसपात्रं अलल डुर्र करत असा काही आरडाओरडा करायची की समोरचा गप्प व्हायचा. एआय मला तसंच वाटतं. आयत्या वेळचं भाषण, पण आवाज इतका ठाम की बरोबरच असणार असं वाटतं.

परदेशी_पाव्हणा
हे मात्र मला इंग्रजीत कुणाला समजावून सांगता येणार नाही. माझा मोठा प्रश्न तात्पुरता मागं घेतो. "तात्पुरता" अधोरेखित.

खरंखोटं
दिवाणजी गेले कुठं? धागा काढून पसार?

दिवाणजी
सीझन आहे हो, रात्री साडेनऊला घरी येतोय.

वृत्तांत सांगतो. शेठजींच्या नातवाला हा धागा दाखवला. त्यानं सगळा वाचला, चार_एकर दादांचं दोनदा वाचलं. म्हणाला, करून बघू. परवा दहा वक्कलं घेतली. ॲपचा फोटो, ओल मोजणारं मॉइश्चर मीटर, आणि मी. मीटर काय सांगतंय ते मला आणि ॲपला शेवटी दाखवायचं ठरलं. तीन वक्कलांना ॲपनं ओल्या मालाला वरची प्रत दिली, पॉलिशला भुललं. दोन वक्कलांना मी चुकलो. त्यातलं एक तर मी ओली म्हणून बाजूला सारलं होतं आणि मीटरला ती चांगली वाळलेली निघाली. ते वक्कल ज्याचं होतं तो शेतकरी समोरच उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

नातवानं एक पोरगं घेतलंय, दोन नाही. चिठ्ठ्या यंत्रच लिहिणार. पोरानं रोज पंधरा वक्कलांची हळकुंडं मोडायची, आपलं मत वहीत लिहायचं, मग फोटो, मग मीटर. मोडलेली हळकुंडं पावडरीच्या पोत्यात जातात, तेवढी नुकसानी दुकान सोसेल म्हणाला. बाळू म्हणतोय तेही खरं आहे, तेजी पडली की हे किती दिवस चालेल सांगता येत नाही.

मिरजेची_मी
आणि मुलाच्या ब्रँचचं? मूळ प्रश्न सगळे विसरले.

दिवाणजी
तो कॉम्प्युटरच म्हणतोय. मी नाही म्हटलं नाही. परीक्षा झाल्यापासून दुकानात येतोय. पहिल्या दिवशी चहा सांगायला पाठवला तर म्हणाला, "पप्पा, फोनवरून सांगितला असता." म्हटलं, जा, चालत जा, वाटेत तीन दुकानांत कुठली हळद उतरलीय ते बघून ये.

भडंगप्रेमी
आत्ता पूर्ण वाचून झाला. मग बघून काय आला?

दिवाणजी
दोन दुकानांचं बरोबर सांगितलं. तिसऱ्यात मिरची होती.

चार_एकर
दिवाणजी, माझी वीस पोती तयार हायेत, पुढच्या मंगळवारी आणतो. त्या नव्या पोराला मोडू द्या. फक्त मी शेजारी उभा राहणार. आवाज मला बी ऐकू आला पायजे. आन मीटरचा आकडा मला दाखवूनच वहीत लिवायचा.

दिवाणजी
या. सौद्याच्या तासभर आधी या, म्हणजे घाई नको.